मुंबई पोलिसांच्या तीन खिडक्या : कुठे रांग हलते, कुठे अडते

१९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह नसेल तर आधी तो करा, मग पुढे वाचा. पैशांच्या फसवणुकीत मुंबई पोलिसांकडून मिळणारी सगळ्यात चांगली सेवा या चार आकड्यांत आहे आणि तिचा जोर तासा-दोन तासांपुरताच असतो. त्यानंतर तुम्ही कोणत्या खिडकीवर उभे आहात, हातात कोणता कागद आहे आणि तक्रारीत कोणते शब्द लिहिलेत, यावर सगळं ठरतं.

सायबर गुन्हा, नेहमीची फसवणूक आणि घरगुती हिंसाचार, तिन्हींची वाट वेगळी आणि तिन्हींचा स्वभावही वेगळा. सायबरचं दार पटकन उघडतं, पण आत गेल्यावर माणूस महिनोन्‌महिने बाकावर बसून राहतो. घरगुती हिंसाचारात उलट: घोडं दारातच अडतं, पण एकदा कोर्टाचा आदेश हातात आला की कायद्याला चांगले दात आहेत. मोठ्या फसवणुका पाहणाऱ्या आर्थिक गुन्हे शाखेचं म्हणाल तर तिथे आत शिरायलाही वेळ आणि बाहेर पडायलाही. एक्सवरचं मुंबई पोलिसांचं खातं हजरजबाबी आहे म्हणून ठाण्यातला ठाणे अंमलदारही तसाच असेल, या भ्रमात राहू नये.

सायबर: पहिल्या तासाला पाचपैकी साडेचार

१९३० मागची यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची. ती एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता. मुंबईतले कॉल मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचा नियंत्रण कक्ष हाताळतो. तिथे बसलेल्या माणसाला तुमची कर्मकहाणी नको असते, पाच गोष्टी हव्या असतात: तुमचा खाते क्रमांक आणि बँक, व्यवहाराची तारीख-वेळ, नेमकी रक्कम, पैसे गेले तो यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक.

या शेवटच्या ठिकाणी सगळ्यात जास्त चुका होतात. यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये मात्र एका व्यवहाराखाली दोन-दोन क्रमांक दिसतात, एक ॲपचा स्वतःचा आणि दुसरा बँकेचा. घाबरलेला माणूस वरचा, म्हणजे ॲपचा, वाचून दाखवतो. त्या क्रमांकानं बँकेला काहीच सापडत नाही आणि तिकीट, म्हणजे तुमच्या तक्रारीची नोंद, परत येतं. तोवर पैसे पुढे निघून गेलेले असतात. शंका असेल तर बँकेचा एसएमएस किंवा स्टेटमेंट उघडा. स्टेटमेंटमध्ये दिसणारा क्रमांक खरा.

क्रमांक बरोबर असेल तर यंत्रणा झपाट्यानं हलते. तिकीट तुमच्या बँकेकडे जातं. ती सांगते की पैसे अमुक बँकेच्या तमुक खात्यात गेले. ती दुसरी बँक पाहते, शिल्लक असेल तर तेवढी होल्ड करते, नसेल तर तिसऱ्या बँकेचं नाव कळवते. तपासाच्या भाषेत याला लेयर म्हणतात. पहिल्या लेयरचं खातं बहुधा कुणा गरजू पोरानं कमिशनवर दिलेलं भाडोत्री खातं असतं. तिथून रक्कम तुकडे होऊन पाच-सात खात्यांत पसरते आणि शेवटी एटीएममधून, चेकनं किंवा क्रिप्टो विकत घेऊन बाहेर पडते. म्हणून उशिरा फोन करणाऱ्याचे पैसे बुडतात. पोलिस आळशी होते असं नसतं, होल्ड करायला खात्यात काही उरलेलंच नसतं. लाइन व्यग्र लागली तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर थेट नोंद करा आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला बँकेच्या हेल्पलाइनवर बसवा.

कॉलनंतर एसएमएसनं पोचक्रमांक येतो. तो मिळाला की काम झालं असं समजून माणूस झोपतो, आणि मुसळ केरात जातं ते इथेच. पोर्टलवर जाऊन २४ तासांच्या आत तक्रार पूर्ण करायची असते, कागद जोडून. शेअर ट्रेडिंगच्या बनावट ॲपमध्ये किंवा टास्क फ्रॉडमध्ये (घरबसल्या कामाच्या आमिषात) वीस-पंचवीस वेळा पैसे पाठवलेले असतात आणि तक्रारदार 'एकूण अठरा लाख' असं एका ओळीत लिहून मोकळा होतो. एकूण रकमेचा माग कुठलीच बँक काढू शकत नाही. प्रत्येक व्यवहार वेगळा, त्याच्या यूटीआरसह भरा. कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही.

मोबाइलचं काय करायचं, हेही नीट समजून घ्या. ई-चलानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल उघडली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. फॅक्टरी रीसेट करू नका. रीसेटनं त्या ॲपबरोबर पुरावाही जातो. व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका, चॅट डिलीट करू नका. ॲडमिनचे नंबर, ग्रुपची लिंक, बनावट ॲपमधली शिल्लक, सगळ्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग आधी करून ठेवा.

आता वजाबाकी. पोर्टलचा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. हे वाक्य ठाण्याच्या दारावर रंगवून ठेवायला हवं, इतक्या लोकांचा इथे गैरसमज होतो. एफआयआरसाठी ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागतो. मुंबईत पाच प्रादेशिक विभागांसाठी पाच सायबर पोलिस ठाणी आहेत: दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर. मोठ्या रकमेची आणि तांत्रिक गुंतागुंतीची प्रकरणं तिकडे जातात, बाकीची राहत्या भागाच्या ठाण्यातल्या सायबर अधिकाऱ्याकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालचा तपास पोलिस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. ठाण्यात निरीक्षक मोजके. त्यांच्याच डोक्यावर बंदोबस्त, कोर्टाच्या तारखा आणि इतर तपास. 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' हे उत्तर म्हणून नेहमीच बहाणा नसतं.

जायचं तर शिक्क्यासह बँक स्टेटमेंट, आधारची झेरॉक्स, पोर्टलची तक्रार छापून, आणि तारीखवार एक पानाचा घटनाक्रम घेऊन जा. मोबाइलमधले स्क्रीनशॉट नुसते दाखवून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग असतात: एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची असते. कॉल रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपनं अधिकाऱ्याला पाठवलं की फाइल बदलते, हॅश बदलते आणि बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. मूळ फोन जपा आणि फाइल केबल लावून कॉपी करून द्या.

गुन्हा नोंदला गेल्यावरच्या काळाला मात्र पाचपैकी दोनच गुण. तपासी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली बँकांना पत्रं पाठवतो. उत्तर येतं, त्यात पुढच्या बँकेचं नाव असतं, पुन्हा पत्र. खातेदार निघतो राजस्थानातला नाहीतर गुजरातमधला, आणि त्याच्या सिमचा मालक तिसऱ्याच राज्यातला. पथक पाठवायचं तर परवानगी, रेल्वेची तिकिटं आणि स्थानिक ठाण्याची मदत लागते. सूत्रधार कंबोडिया-म्यानमारच्या हद्दीत बसलेला असेल तर हाती येतो तो फक्त भाडोत्री खातेदार. डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा व्याप पाहून सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२५ मध्ये ही प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. शहराच्या पोलिसांच्या आवाक्याची मर्यादा यावरून कळावी. (व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याही भारतीय कायद्यात नाही. आजी-आजोबांना हे आठवड्यातून एकदा तरी सांगा.)

दर आठवड्याला फोन करून 'काय झालं?' विचारण्यात अर्थ नाही. नव्या संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं बंधनकारक आहे. ९० दिवस झाले की त्या कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

होल्ड झालेली रक्कम आपोआप परत येत नाही. रक्कम मोठी असेल तर मॅजिस्ट्रेटकडे संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. त्यासाठी कोणत्या खात्यात किती रुपये होल्ड आहेत, याचा बँकनिहाय तक्ता तपासी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, पोलिस 'हरकत नाही' असं लिहून देतात, आदेश निघतो आणि त्याची प्रमाणित प्रत बँकेला जाते. एकाच भाडोत्री खात्यावर चार राज्यांतल्या चार जणांचा दावा असेल तर मात्र भिजत घोंगडं पडतं. वकील न करताही हा अर्ज करता येतो, पण तक्ता नसेल तर तारखेमागून तारीख पडत राहते.

याच होल्डची दुसरी बाजू वाईट आहे. भाजीवाल्याच्या क्यूआरवर कुणीतरी चोरीच्या पैशातून पाचशे रुपये भरतो आणि त्याचं अख्खं खातं गोठतं, तेही तेलंगणातल्या कुठल्याशा तक्रारीवरून. बँक म्हणते पोलिसांना विचारा, मुंबई पोलिस म्हणतात ती तक्रार आमची नाही. अशा वेळी बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्याच्या कोणत्या ठाण्यानं कळवलं, आणि वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला बिल, व्यवहाराचा तपशील आणि ओळखपत्र ईमेल करून फक्त वादातल्या रकमेवर होल्ड ठेवण्याची विनंती करा. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये होल्ड तेवढ्याच रकमेपुरता ठेवायला सांगितलं होतं. त्या निकालाचा हवाला दिला की बँकेचं बोलणं जरा मऊ होतं.

एक गोष्ट पोलिस सहसा सांगत नाहीत, कारण ती त्यांची नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, असा अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवला तर नेहमीच्या बचत खात्यावर कमाल १०,००० रुपये. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून १९३० बरोबर बँकेलाही लेखी कळवून वेळेसह तक्रार क्रमांक घ्यायचाच. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

साधी फसवणूक: 'हे दिवाणी प्रकरण आहे'

ओळखीच्या माणसानं, बिल्डरनं, एजंटनं, भिशी चालवणाऱ्यानं बुडवलं की पहिलं उत्तर हे मिळतं. ते प्रत्येक वेळी चुकीचं नसतं, हे आधी मान्य करायला हवं. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), तेव्हाच होतो जेव्हा फसवायचा हेतू सुरुवातीपासून असतो. घेतले तेव्हा देणार होता, नंतर धंदा बसला म्हणून देऊ शकला नाही, तर ती उधारी. तक्रारअर्ज लिहिणारे नेमकं उलट लिहितात: पानभर विनवण्या आणि शेवटी 'माझे पैसे परत मिळवून द्यावेत ही विनंती'. पोलिस वसुली एजंट नाहीत, आणि तसा अर्ज पाहिला की अधिकाऱ्याला हात झटकायला सोपं जातं.

अर्जात चार गोष्टी असाव्यात: त्यानं काय सांगितलं किंवा कोणता कागद दाखवला, कोणत्या तारखेला; त्यावर विसंबून तुम्ही कसे पैसे दिले; ते सांगणं त्याच दिवशी खोटं होतं हे कशावरून (फ्लॅट आधीच दुसऱ्याला विकलेला होता, परवाना नव्हताच, नोकरीचं नियुक्तीपत्र बनावट होतं); आणि पैसे पुढे कुठे गेले. विश्वासानं सोपवलेली वस्तू किंवा रक्कम गिळली असेल तर कलम ३१६. खोटे कागद असतील तर बनावट दस्तऐवजाची कलमं. चेक वटला नाही म्हणून ठाण्यात जाऊ नका. तो मामला परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ चा, थेट कोर्टाचा: बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, मग एक महिन्याच्या आत तक्रार. ठाण्यात हेलपाटे घालताना ही मुदत हातची जाते आणि मग काहीच उरत नाही.

प्राथमिक चौकशी म्हणजे टाळाटाळ, असंही समजू नये. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक केला, पण व्यापारी आणि वैवाहिक वादांत आधी थोडी चौकशी करायला वाव ठेवला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नं तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी १४ दिवसांची चौकशी अधिकृत केली. चौदा दिवस उलटले आणि ठाण्याकडून काहीच कळलं नाही तर अर्ज पोस्टानं पोलिस उपायुक्तांना पाठवा. तिथेही दाद नसेल तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३). या पायऱ्या न चढता थेट उच्च न्यायालयात धावणाऱ्यांना बहुतेक वेळा परत याच पायरीवर पाठवलं जातं. एफआयआर झाला की त्याची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

रक्कम कोटींत आणि गुंतवणूकदार अनेक असतील तर गाडं क्रॉफर्ड मार्केटला आयुक्तालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेकडे वळतं. इथलं हुकमी हत्यार म्हणजे १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, सगळे ज्याला एमपीआयडी म्हणतात. त्याची खरी ताकद शिक्षेत नाही, मालमत्ता जप्तीत आहे: सरकार अधिसूचना काढतं, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि तो विशेष न्यायालयाकडून जप्ती कायम करून घेतो. मग विक्री आणि दावेदारांमध्ये प्रमाणशीर वाटप. ऐकायला सुटसुटीत आहे. पण एनएसईएल या वस्तुबाजाराचा ५,६०० कोटींचा घोटाळा २०१३ मध्ये फुटला आणि त्यातल्या ठेवीदारांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. मालमत्तेवर बँकेचं तारण असतं, ईडीनंही तीच जप्त केलेली असते, कुठे नातेवाइकाच्या नावे असते. प्रत्येक दाव्याची वेगळी सुनावणी.

टोरेस या दागिन्यांच्या दुकानांचं प्रकरण या शाखेचं बलस्थान आणि दुबळेपण एकत्र दाखवतं. आठवड्याला परताव्याचं आमिष, मॉइसानाइटचे चकाकते खडे, दादरचं भपकेबाज दुकान. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ते बंद झालं आणि रस्त्यावर गर्दी उसळली. शिवाजी पार्क ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, तो तातडीनं आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला, एमपीआयडी लागला. इथवर ठीक. पण दुकान भरवस्तीत उघडपणे चालू असताना कुणाला संशय आला नाही का, हा प्रश्न उरला, आणि पोलिसांनी वेळेवर हालचाल केली नाही, असं उच्च न्यायालयानंही सुनावलं. बुडाल्यानंतर ही शाखा कागदाला पक्की आहे. बुडण्याआधी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गुंतवणूकदारानं करायचं ते एवढंच: 'शेजाऱ्यानं केली आहे की तक्रार' म्हणून गप्प न बसता स्वतःचा दावा, पावती आणि बँक नोंदीसह, शाखेकडे वेगळा नोंदवायचा. वाटपाच्या यादीत नाव नसेल तर नंतर घुसवणं जिकिरीचं होतं. रोखीनं दिलेल्या आणि पावती नसलेल्या पैशांबद्दल शाखेचा अनुभवी अधिकारीही फार काही करू शकत नाही. एकूण गुण: चिकाटीला चार, वेगाला दीड.

घरगुती हिंसाचार: एनसी आणि त्यापलीकडे

मुंबई पोलिसांची सगळ्यात असमान सेवा हीच. त्याच ठाण्यात एका पाळीत उत्तम अनुभव, दुसऱ्या पाळीत 'समजुतीनं घ्या ताई, संसार आहे'.

११२ वर किंवा महिलांसाठीच्या १०३ वर फोन केला तर गाडी येते, हे बहुतांशी खरं. मारहाण त्या क्षणी थांबते. नवऱ्याला ठाण्यात बसवतात, दम देतात. मग लिहिली जाते एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद: न्याय संहितेचं कलम ११५(२) साधी दुखापत, ३५२ अपमान, ३५१(२) धमकी. एनसीवर कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करत नाहीत. बाई घरी येते, नवरा सकाळी परत येतो.

एनसी म्हणजे कचरा, असं मात्र समजू नका. तिच्यावर तारीख असते. सहा महिन्यांत तीन एनसी असतील तर 'एकदाच झालेलं भांडण' हा बचाव कोसळतो, म्हणून प्रत्येक वेळी नोंद करा आणि प्रत घ्या. पण छळ सातत्यानं होत असेल तर कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ, मागा. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीची मुदतही तीन वर्षं. जबाबात 'मला नेहमी त्रास देतात' असं मोघम लिहिलं गेलं तर तोटा तुमचाच. तारीख, वेळ, कुणी काय केलं, कुणी पाहिलं, असं पाच-सहा प्रसंगांचं लिहून न्या आणि जबाब वाचून मगच सही करा. सासरच्या एकूण एक नातेवाइकांची नावं घालण्याचा सल्ला काही वकील देतात. तो घातक आहे. कोर्ट अशा मोघम नावांवर चिडतं आणि खऱ्या आरोपांचीही धार जाते.

'सासर नाशिकला, मग तिकडेच जा' हे उत्तर मिळालं तर रूपाली देवी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल सांगा: छळामुळे माहेरी आलेली बाई माहेरच्या ठाण्यात तक्रार करू शकते. शिवाय शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द कुठलीही असो, एफआयआर नोंदवणं आता नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. हद्दीचा घोळ घालायला जागा उरलेली नाही, तरी घातला जातो.

जखम असेल तर आधी महापालिकेचं रुग्णालय, मग ठाणे, आणि डॉक्टरांना खरं सांगायचं. 'जिन्यावरून पडले' असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे ते पुसता येत नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत संस्था आणि महापालिकेनं २००० च्या सुमारास सुरू केलेलं दिलासा केंद्र अजून या कामातलं सगळ्यात विचारी ठिकाण आहे. तिथे नोंद, समुपदेशन आणि पुढची सुरक्षिततेची आखणी एकाच खोलीत होते. पोलिसांच्या स्वतःच्या छताखालचा चांगला भाग म्हणजे महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेनं तो १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात सुरू केला आणि तिथली कार्यकर्ती खाकीत नसते. ठाण्यात पहिल्या पाच मिनिटांत सूर बिघडला तर 'मला विशेष कक्षात बोलायचं आहे' हे वाक्य कामी येतं.

समुपदेशनाला आमचा विरोध नाही, पण त्याचा वापर गुन्हा टाळायला होतो तेव्हा आहे. एक-दोन बैठका ठीक. तिसरी तारीख नवरा चुकवतो, चौथीला सासू आजारी पडते, आणि मधल्या काळात दागिने लॉकरमधून हलतात. स्त्रीधनाची यादी, बिलं, लग्नातले फोटो पहिल्याच बैठकीत लेखी द्या. ते परत न देणं हा कलम ३१६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

खरी ताकद पोलिसांच्या कायद्यात नसून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे, आणि तो दिवाणी वळणाचा असल्यानं ठाण्यात कुणी स्वतःहून त्याचं नाव काढत नाही. खरं तर कलम ५ नुसार बाईला या कायद्याची, संरक्षण अधिकाऱ्याची आणि मोफत वकिलाची माहिती देणं पोलिसांचं कर्तव्य आहे. संरक्षण अधिकारी पोलिस नसतो, महिला व बाल विकास विभागाचा असतो, हा घोळ बऱ्याच जणींचा होतो. तो घरगुती घटना अहवाल भरून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. अर्ज थेटही करता येतो, तिचं तात्पुरतं वास्तव्य जिथे असेल तिथल्या कोर्टात. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायद्यात लिहिलंय. साठ दिवसांचं कुणी फारसं मनावर घेत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायचा. समोरच्याचं ऐकून घेण्याआधीही तो देता येतो. कलम १८ खाली मारहाण आणि संपर्काला बंदी, कलम १९ खाली घरात राहण्याचा हक्क, कलम २० खाली खर्च. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीश अहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. वकिलाचा खर्च नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही.

तिन्ही खिडक्यांचा घोटाळा होतो तो नवरा पाळत ठेवतो तेव्हा. फोनवर ट्रॅकर, व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपशी जोडलेलं, खासगी फोटो पसरवण्याची धमकी. ठाणं म्हणतं सायबरकडे जा, सायबर म्हणतं कौटुंबिक मामला. दोन्हीकडे एकच लेखी तक्रार द्या, दोन्हींची पोच घ्या. फोटो आधीच पसरला असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा, नियमांनुसार असा मजकूर त्यांनी दोन तासांत हटवायचा असतो. आणि ट्रॅकर काढायच्या आधी विचार करा: तो निघाला की त्याला कळतं. आधी निघण्याची तयारी, मग ट्रॅकर.

आदेश मिळाला की एक पायरी बहुतेकजणी विसरतात. कोर्टाकडून त्याची प्रमाणित प्रत थेट आपल्या ठाण्यात पोचवायची, ती जमा झाल्याची पोच घ्यायची, आणि अंमलबजावणीला साह्य करण्याचा निर्देश पोलिसांना त्याच आदेशात द्यावा, असं कोर्टाला आधीच सांगायचं. एरवी एनसीवर संपणारी रात्र तिथून बदलते. संरक्षण आदेश मोडणं कलम ३१ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ११२ च्या गाडीतून आलेल्या हवालदाराला हे कलम तोंडपाठ असेलच असं नाही. म्हणून आदेशाची एक झेरॉक्स पर्समध्ये, दुसरी शेजारणीकडे, आणि कलम ३१ च्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ.